भाकरीला बाय बाय? जरा थांबा!

लो-कार्ब डाएटने अंगातला दाह कमी होतो, असं ऐकून आता पळणाऱ्या मंडळींनीही ताटातून पोळी-भाकरी उठवलीय. पण दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचं गणित पहाटे वीस किलोमीटर पळणाऱ्याला लागू होतं का?

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दुपारी एक चक्कर मारा. चार डबे उघडले की त्यातल्या एकात तरी पोळी नसते. पनीर असतं, उकडलेली अंडी असतात, बदाम असतात, काकडीचे काप असतात, आणि कॉफीत चक्क लोणी! विचारलं की उत्तर तयार, 'लो-कार्ब सुरू केलंय.' वजन उतरवायचं असतं हे तर उघडच आहे. पण हल्ली या संभाषणात एक नवा शब्द घुसलाय, इन्फ्लमेशन. मराठीत दाह. म्हणजे शरीराच्या आत धुमसणारी सूज. कार्ब्ज बंद केली की ही सूज उतरते, गुडघे दुखत नाहीत, पळून आल्यावर पाय लवकर मोकळे होतात, असा एकूण फंडा.

गंमत अशी की, हे सांगणाऱ्यांपैकी निम्मे जण जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करत असतात. म्हणजे पहाटे साडेचारला उठायचं, पंधरा-वीस किलोमीटर पळायचं, आणि दिवसभर कार्ब्जना हातही लावायचा नाही. यात काहीतरी खटकतं ना? मलाही खटकलं, म्हणून मी यावरचं संशोधन वाचायला घेतलं. जे हाती लागलं ते मात्र थेट माझ्या गावच्या ज्वारीपर्यंत जाऊन पोहोचलं.

मी मूळची परभणीची. नोकरीसाठी पुण्यात आले आणि इथल्या टेकड्यांनी मला पळायला लावलं. 'बनी तो बनी, नही तो परभणी' ही म्हण कुणी मिश्कीलपणे ऐकवली की मी एकच नाव सांगते, ज्योती गवते! १५ जानेवारी २०१७ रोजी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आलेली ही धावपटू आमच्या परभणीची. वेळ २ तास ५० मिनिटं ५३ सेकंद. पुढे २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षं ती तिथेच दुसरी आली, सुधा सिंगच्या पाठोपाठ. तिच्या विजयानंतर माझ्या नात्यातल्याच दोघी-तिघी पहाटे बूट बांधायला लागल्या. त्यातली एक माझी मावसबहीण. तिची गोष्ट पुढे येतेच.

सूज चांगली की वाईट?

आधी हा दाह काय प्रकार आहे ते बघू. पाय मुरगळला की तो लाल होतो, गरम होतो, सुजतो. शरीराने दुरुस्तीचं काम हाती घेतल्याची ती पाटी असते. काम संपलं की सूज उतरते. हा झाला तात्पुरता दाह.

दुसरा प्रकार छुपा. पोटावरची चरबी, बैठं काम, अपुरी झोप, सिगरेट यांमुळे शरीरात बारीक आच सतत पेटती राहते. रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन म्हणजे सीआरपी थोडं वाढलेलं दिसतं. मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी या आचेचं नातं आहे. वजन जास्त असलेल्या माणसाने साखर-मैदा कमी केला, वजन उतरलं, की सीआरपीही बहुतेक वेळा उतरतं. लो-कार्बवाल्यांचा दावा इथे बऱ्यापैकी खरा आहे.

आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा सल्ला घराघरात पोहोचला, तेव्हा ते लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होते. दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटोपायचं! तो भर होता वाढलेलं वजन आणि मधुमेह यांवर. रोज तासभर पळणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. तो मुद्दाम आणि वारंवार स्वतःच्या स्नायूंना ताण देत असतो. त्याच्या शरीरातला दाह चरबीतून येत नाही, कामातून येतो.

स्नायूंचा निरोप

इथे गोष्ट इंटरेस्टिंग होते. दाहाशी जोडलेलं एक रसायन आहे, इंटरल्युकिन-६, थोडक्यात आयएल-६. आजारपणात ते वाढतं, म्हणून त्याची ओळख 'व्हिलन' अशीच होती. पण मॅरेथॉन संपवलेल्या निरोगी माणसाच्या रक्तातही ते शंभरपटीपर्यंत वाढलेलं सापडायचं! हे येतं कुठून? २००० साली कोपनहेगनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की, काम करणारा स्नायूच ते तयार करतो आणि रक्तात सोडतो. बेंटे क्लारलुंड पेडरसन यांनी स्नायूंतून निघणाऱ्या अशा रसायनांना २००३ मध्ये 'मायोकाइन' हे नाव दिलं.

हा स्नायूंचा निरोप असतो. 'इंधन संपत आलंय, यकृताला सांगा साखर सोडायला, चरबीही मोकळी करा!' शिवाय या आयएल-६मागोमाग दाह शमवणारी रसायनंही रक्तात येतात. म्हणजे नियमित व्यायाम करणाऱ्याच्या बाबतीत हे महाशय व्हिलन नाहीत, फार तर कडक स्वभावाचे निरोप्या आहेत.

मग कार्ब्जचा संबंध काय? आपण खाल्लेल्या भात-भाकरीचा काही भाग स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठतो. ही आपली पेट्रोलची टाकी. भरलेली असताना साधारण दोन हजार कॅलरींची. कोपनहेगनमध्येच २००१ साली एक भन्नाट प्रयोग झाला. माणूस एकच, पण त्याच्या एका पायातलं ग्लायकोजेन आधीच कमी करून ठेवलेलं. मग दोन्ही पायांना सारखाच व्यायाम दिला. ज्या पायाची टाकी रिकामी होती, तो जास्त आयएल-६ सोडू लागला. शरीर तेच, रक्त तेच, फरक फक्त टाकीचा!

आता विचार करा. दाह कमी व्हावा म्हणून कार्ब्ज बंद केली, टाकी रिकामी ठेवली, आणि तशाच टाकीवर पळायला गेलो, तर स्नायूंचा भोंगा जास्तच जोरात वाजणार.

चालणाऱ्यांनी दिलेलं उत्तर

'एका पायाचं सोडा हो, खऱ्या खेळाडूंचं काय?' असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे मिळालं. लुईस बर्क यांच्या टीमने जगभरातल्या अव्वल रेस वॉकर्सना, म्हणजे शर्यतीत चालणाऱ्यांना, सरावासाठी एकत्र आणलं. तीन आठवडे कसून सराव. एका गटाला भरपूर कार्ब्ज, दुसऱ्याला सरावानुसार कमी-जास्त, आणि तिसऱ्याला दिवसाला ५० ग्रॅमपेक्षाही कमी. ५० ग्रॅम म्हणजे किती? ज्वारीची एक मध्यम भाकर खाल्ली आणि दुसरी अर्धी मोडली, की कोटा खल्लास!

निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा किलोमीटरच्या शर्यतीत पहिला गट ६.६ टक्क्यांनी सुधारला, दुसरा ५.३ टक्क्यांनी. लो-कार्ब गट १.६ टक्क्यांनी मागे पडला. त्यांची चरबी जाळायची ताकद वाढली होती, हे खरं. पण चरबीतून तेवढीच ऊर्जा काढायला ऑक्सिजन जास्त लागतो. वेग वाढवायची वेळ येते तेव्हा नेमका ऑक्सिजनच तोकडा पडतो. २०२० मध्ये याच टीमने प्रयोग पुन्हा केला, कल तोच राहिला.

याच मालिकेत रक्त तपासलं गेलं, तेव्हा तीन आठवडे लो-कार्बवर राहिलेल्यांत व्यायामानंतरचं आयएल-६ इतरांपेक्षा जास्त वाढलेलं दिसलं. म्हणजे शरीराला सवय झाली आणि भोंगा शांत झाला, असं काही घडलं नाही. २०२२ मध्ये अलाना मकाय आणि सहकाऱ्यांनी २८ अव्वल पुरुष वॉकर्सवर आणखी नेमका अभ्यास मांडला. एका गटाच्या फक्त कार्ब्ज कमी केल्या, दुसऱ्या गटाच्या एकूण कॅलरीच कमी केल्या. अवघे सहा दिवस! आयएल-६ वाढलं ते कार्ब्ज कमी केलेल्या गटात. आणि त्याच्यासोबत आणखी एक पाहुणा वाढला, हेपसिडिन.

लोहाच्या दाराला कुलूप

हेपसिडिन हे यकृतात तयार होणारं हार्मोन. आतड्यातून लोह रक्तात शिरायचं जे दार आहे, त्याचा हा पहारेकरी. आयएल-६ वाढलं की यकृत हेपसिडिन वाढवतं आणि दार लोटलं जातं. व्यायामानंतर साधारण तीन ते सहा तासांत त्याची पातळी सर्वांत वर असते. या वेळात तुम्ही पालक खा, खजूर खा, लोह म्हणावं तसं आत शिरत नाही.

युरोपातल्या मांसाहारी खेळाडूला हे कदाचित परवडेल. आपल्याकडे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिला ॲनिमिक आढळल्या. निम्म्याहून जास्त! त्यात पळणाऱ्या बाईचं थोडं लोह घामातून जातं, थोडं पाय आपटल्याने फुटणाऱ्या लाल पेशींतून जातं, आणि पाळीतून जातं ते वेगळंच.

आता माझ्या मावसबहिणीची गोष्ट. परभणीत बँकेत नोकरी करते. पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पळते. हाफ मॅरेथॉनचा फॉर्म भरला आणि मोबाइलवर मिळालेला एक कीटो प्लॅन सुरू केला. घरी शाकाहार, त्यामुळे ताटात पनीर, लोणी, दाणे आणि काकडी. तीन आठवड्यांत चार किलो उतरले! (ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत शरीर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. टाकी रिकामी झाली की ते पाणीही जातं. सुरुवातीच्या किलोंत त्याचा वाटा मोठा असतो.) दुसऱ्या महिन्यात तिचे पाय जड पडायला लागले. आठ किलोमीटरला धाप लागायची. दोनदा सर्दी-ताप झाला. मावशीचं निदान तयारच होतं, ''एवढं पळायलीस अन् भाकर खाईनास. मंग अंगात जीव कुठून येईल माय?''

डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.६, आणि लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन एक आकडी. हे सगळं कीटोमुळेच झालं, असं म्हणणं चुकीचं ठरेल. दोन महिन्यांत कुणाचा साठा असा शून्यावर येत नाही, तो आधीपासूनच तळाला असणार. पण तळाला असलेल्या साठ्यावर तिने दोन बाजूंनी घाव घातला. रिकाम्या टाकीवर पळून दार लोटलं. आणि ज्या पदार्थांतून तिला लोह मिळत होतं, ते ताटातूनच काढून टाकले.

हा दुसरा मुद्दा फारसा कुणी बोलत नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परदेशी लो-कार्ब डाएटमध्ये मटण-मासे असतात, त्यातून लोह भरपूर मिळतं. आपल्या शाकाहारी ताटात लोह येतं ते ज्वारी-बाजरीतून, डाळींतून, मटकी-हरभऱ्याच्या उसळीतून. नेमके हेच सगळे 'कार्ब्ज' म्हणून बाद होतात. त्यांच्या जागी येणाऱ्या पनीरमध्ये लोह जवळपास नसतंच. म्हणजे तोच प्लॅन, पण मराठी शाकाहारी मुलीच्या ताटात उतरताना त्याचा अर्थच बदलतो.

तिला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, भाकर-वरण-उसळ परत सुरू झाली. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८ वर आलं. हाफ मॅरेथॉन त्या वर्षी हुकली ती हुकलीच.

नाण्याची दुसरी बाजू

एकतर्फी निकाल द्यायला नको. अमेरिकेत जेफ व्होलेक यांच्या टीमने २० अल्ट्रा रनर्सचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातले लो-कार्बवाले सरासरी वीस महिने त्याच आहारावर होते आणि मिनिटाला १.५४ ग्रॅमपर्यंत चरबी जाळत होते. दुसरा गट ०.६७ ग्रॅमवर! संथ गतीने दिवसभर पळायचं असेल तर हे इंजिन चालतं. काहींना ते मानवतंही.

लोहाचं चित्रही सरळ रेषेत नाही. सहा दिवसांच्या अभ्यासात हेपसिडिन स्पष्ट वाढलं, पण तीन आठवड्यांच्या अभ्यासात लोहावरचा परिणाम तितका साधासोपा दिसला नाही. शिवाय सहा दिवसांच्या अभ्यासातले सगळे पुरुष. बँकेत नोकरी करून पळणाऱ्या मराठी मुलींवर असे अभ्यास व्हायला हवेत. आणि आठवड्यातला एखादा सोपा सराव कमी कार्ब्जवर करणं हे अनेक प्रशिक्षक मुद्दाम करतात. कॅनबेरातला तो सुधारलेला दुसरा गट असाच होता. कधीतरी टाकी कमी ठेवणं हा सराव झाला. कायम कोरडी ठेवणं ही वेगळी गोष्ट.

उत्तर आमच्या गावचं

परभणीत १९७२ साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आहे, आजचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटसोबत या विद्यापीठाने २०१८ मध्ये ज्वारीचा एक वाण आणला, नाव 'परभणी शक्ती'. साध्या ज्वारीच्या किलोभर दाण्यांत साधारण ३० मिलिग्रॅम लोह असतं, यात ४५ च्या आसपास. जस्तही जास्त. आणि लोहाला अडकवून ठेवणारं फायटेट कमी. म्हणजे टाकी भरणारं इंधन आणि साठ्यातलं लोह, दोन्ही एकाच भाकरीत!

साधी ज्वारीही काही कमी नाही. १०० ग्रॅममध्ये ६७-६८ ग्रॅम कार्ब्ज, १० ग्रॅम प्रथिनं आणि तेवढाच चोथा. मैद्याचा बन आणि ज्वारीची भाकर या दोघांना 'कार्ब्ज' या एकाच पाटीखाली बसवणं हा भाकरीवर अन्यायच आहे. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेडमार्गे पंढरपूरला जाते. महिनाभर रोज चालायचं. त्या वाटेवरच्या पंगतीत भाकर-पिठलं असतं, आणि एन्ड्युरन्स हा शब्द कुणाच्या तोंडी नसतो.

पळताना काय? शेजारच्या नांदेडमधलं अर्धापूर केळीसाठी प्रसिद्ध. अमेरिकेत डेव्हिड नीमन यांनी सायकलपटूंना ७५ किलोमीटर पळवलं, कुणाला केळी, कुणाला साखरेचं पेय, कुणाला नुसतं पाणी. २०१८ चा निष्कर्ष असा की, केळी किंवा पेय घेणाऱ्यांच्या शरीरावरचा ताण नुसत्या पाण्यावाल्यांपेक्षा कमी होता. कॉक्स-२ या दाहाच्या एन्झाइमवर, ज्याला आयब्रुफेनसारखी पेनकिलर रोखते, केळीचा परिणाम जास्त चांगला दिसला. अर्थात अभ्यास २० जणांचाच, आणि पैसा केळी विकणाऱ्या कंपनीचा. तरी दाह कमी करायला कार्ब्ज घ्यावी लागली, हा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे ना?

पळणाऱ्यांसाठी टिप्स

• रोज तासभर सराव असेल तर शरीराच्या दर किलोमागे ५ ते ७ ग्रॅम कार्ब्ज हा ढोबळ अंदाज. ५५ किलोच्या मुलीला किमान २७५ ग्रॅम. सुट्टीच्या दिवशी कमी चालतील.

• सव्वा तासापेक्षा जास्त पळणार असाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात.

• लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती सकाळी, पळून आल्यावर अर्ध्या तासाच्या आत घेणं फायद्याचं. दार तोवर लोटलेलं नसतं.

• उसळीवर लिंबू पिळा. चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा.

• कुठलंही डाएट सुरू करण्याआधी हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही तपासा. मनाने गोळ्या घेऊ नका, जास्तीचं लोहही घातक असतं.

• मधुमेहाची औषधं सुरू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कार्ब्ज तोडू नका.

वजन उतरवायचंय आणि दिवस खुर्चीतच जातो? मग साखर, मैदा, कोल्डड्रिंक खुशाल बंद करा, दाह उतरेलही. पण पहाटेचा अलार्म साडेचारचा लावलेला असेल, तर आज रात्री भाकर टाकायची की नाही हे डाएट चार्टला विचारू नका. उद्या किती किलोमीटर आहेत, ते आधी बघा!